म्हातारा चेतक आणि गडावरचं पाणी

मंडळी, पावसाळ्यात भुशी डॅमकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलं, की वाटेत 'आयएनएस शिवाजी' अशी पाटी दिसते. गाडीतलं कुणीतरी मग हमखास विचारतं, "अरे, पण इथे कुठला समुद्र?" प्रश्न रास्त आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. तिथला पाऊस बघून समुद्र वर चढून आलाय की काय अशी शंका येते, ती गोष्ट वेगळी :)

उत्तर सोपं आहे. नौदल म्हणजे जहाजं, जहाज म्हणजे इंजिन, आणि इंजिन म्हटलं की ते सांभाळणारी माणसं आलीच. ती घडवण्यासाठी ब्रिटिशांनी १५ फेब्रुवारी १९४५ रोजी इथे 'एचएमआयएस शिवाजी' हा तळ सुरू केला. तेव्हापासून नौदलाच्या कित्येक पिढ्या लोणावळ्याच्या धुक्यात बॉयलर, डिझेल इंजिन आणि गॅस टर्बाइन शिकून खाली समुद्रावर गेल्या. (नौदलाची हेलिकॉप्टरं सांभाळणारे मात्र इथे शिकत नाहीत. त्यांची शाळा कोचीला आहे.)

तरीही आजचा विषय, म्हणजे आपल्या सैन्यदलांची हेलिकॉप्टरं, मी मावळातूनच सुरू करतोय. एक कारण म्हणजे लढाईचं यंत्र विकत घेणं आणि ते तीस-चाळीस वर्षं जिवंत ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोणावळ्याच्या त्या भिंतीमागे जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं क्वचितच कुठे असेल. दुसरं कारण गडांचं आहे, त्याकडे येतोच.

आधी मुख्य पात्राची ओळख करून घेऊ. फ्रान्सच्या स्यूद एव्हिएशन कंपनीचं 'अल्युएत-३' हे हेलिकॉप्टर १९५९ साली पहिल्यांदा उडालं. १९६२ साली आपण ते इथे बनवण्याचा परवाना घेतला. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, जुळवलेलं पहिलं हेलिकॉप्टर १९६५ साली उडालं आणि आपण त्याचं बारसं राणा प्रतापांच्या घोड्यावरून 'चेतक' असं केलं. एकच इंजिन, साधारण सव्वादोन टन वजन, सात माणसांची जागा. गुणी यंत्र, यात वादच नाही. स्वित्झर्लंडने आपली अल्युएत-३ २०१० साली निवृत्त केली. आपण २०२२ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ हकीमपेटला चेतकच्या साठ वर्षांचा समारंभ केला. आपल्याकडे साठी शांत करतात ती माणसाची. इथे यंत्राची करायची वेळ आली!

माझा प्रश्न 'हे जुनं का झालं' असा नाही. यंत्र जुनं होणारच. ते बदलायचं हे वीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं, तरी बदललं का गेलं नाही, हा प्रश्न आहे. 'सरकारी काम' म्हणून तो झटकून टाकता येतो, पण मग त्यातून शिकायला काही उरत नाही.

आता गडांकडे वळू. मावळात राहणाऱ्याला लोहगड-विसापूर ही जोडी नवी नाही. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेला. या गडांवर फिरताना बुरूज आणि दरवाजे सगळे बघतात, पण खरी बघायची गोष्ट म्हणजे पाणी. लोहगडावर नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं आहे, विसापूरवर कातळात खोदलेली टाकी आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक प्रकरण आहे आणि आरमारावरही एक आहे. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणाचा रोख मोठा गमतीदार आहे. पराक्रमाची भाषा थोडी, कामाची जास्त. गड बांधण्याआधी त्या जागी पाणी आहे का ते बघा. एका झऱ्यावर विसंबून राहू नका, जोडीला टाकी-तळी करा. दारूगोळ्याचं कोठार कुठे असावं, साठा कसा राखावा, डागडुजी कशी ठेवावी, हे सगळं आलं आहे.

आमच्या धंद्याच्या भाषेत याला रिक्वायरमेंट म्हणतात. यंत्र किंवा गड उभा करण्याआधी विचारायचे तीन प्रश्न. काम नेमकं काय आहे? रसद कुठून येणार? डागडुजी कोण करणार? पुढे मी जे सांगणार आहे त्यात जिथे जिथे आपलं बरोबर आलं तिथे हे प्रश्न आधी विचारले गेले होते. आणि जिथे घोडं पेंड खाल्लं, तिथे यातला एखादा तरी राहून गेला होता.

पहिलं उदाहरण बरोबर आलेलं घेऊ. १९६२ च्या चीन युद्धाने हिमालयातली उंची हा किती मोठा शत्रू आहे ते दाखवून दिलं होतं. हेलिकॉप्टरचं पातं हवेला खाली ढकलतं म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. सहा हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मीच असते. म्हणजे पात्याला ढकलायला निम्मा माल, आणि इंजिनला श्वास घ्यायलाही निम्माच. मैदानात रुबाबात उडणारं हेलिकॉप्टर तिथे दमेकऱ्यासारखं धापा टाकतं.

१९६८ साली आपल्या लष्कराने फ्रेंचांपुढे नेमकी ही गरज ठेवली. भरपूर उंचीवर उतरू शकेल आणि पुन्हा उडू शकेल असं लहान हेलिकॉप्टर हवं. बाकी फारशी हौस नाही. फ्रेंच अभियंत्यांनी केलेला जुगाड आपल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला आवडेल असा होता. अल्युएत-२ चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर मोठ्या अल्युएत-३ चं इंजिन आणि पाती चढवली. अंग लहान, ताकद मोठ्याची. त्याचं नाव 'लामा'. १९६९ च्या मार्चमध्ये ते उडालं आणि त्याच वर्षी हिमालयात प्रात्यक्षिकासाठी आलं. तिथे साडेसात हजार मीटर उंचीवर ते उतरलं आणि परत उडालंसुद्धा. १९७२ साली ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने अंगावरचं जमेल तेवढं वजन उतरवून लामा १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन बंद पडलं, तेव्हा पठ्ठ्या नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर खाली उतरला!

हेच लामा आपल्याकडे एचएएलमध्ये 'चीता' म्हणून बनू लागलं. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनच्या बिलाफोंड ला खिंडीत आपले पहिले जवान उतरले ते याच चीतामधून. आणि तेव्हापासून सियाचीन हा आपला सर्वात उंच गड झाला. खरंच गड. वर शिबंदी, खाली पायथा, मध्ये बर्फ. काही चौक्या सहा हजार मीटरच्याही वर. तिथे पाण्याचं टाकं नाही, बर्फ वितळवूनच पाणी करायचं. त्यासाठी रॉकेल हवं आणि रॉकेल आणणार चीता. सर्वात उंच जागी एका फेरीत एखाद-दुसरा जेरीकॅन, एवढीच त्याची ताकद उरते. आजारी जवानाला खाली आणायचं तरी तोच. आपल्याकडे गड पडायचा तो बहुधा रसद तुटली म्हणून. सियाचीनची रसद चाळीस वर्षं तुटली नाही याचं मोठं श्रेय १९६८ साली नीट लिहिलेल्या एका मागणीला द्यायला हवं.

आता समुद्राकडे. ९ डिसेंबर १९७१. दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 'आयएनएस खुकरी' या आपल्या फ्रिगेटला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. पाणबुडीचं सोनार आपल्या जहाजाच्या सोनारपेक्षा लांबचं ऐकत होतं. पाणबुडी शोधायला जहाजाहून चांगलं साधन म्हणजे हेलिकॉप्टर. ते पाण्यावर घिरट्या घालत सोनार खाली सोडतं, कानोसा घेतं आणि उठून दुसरीकडे जातं. त्याला टॉर्पेडो मारणं पाणबुडीच्या हातात नसतं. अशी 'सी किंग' हेलिकॉप्टरं आपल्या नौदलाने त्याच वर्षी घेतली होती. त्यांचं ३३० क्रमांकाचं स्क्वाड्रन एप्रिल १९७१ मध्ये कोचीला उभं राहिलं होतं. पण खुकरीच्या जातीच्या जहाजावर हेलिकॉप्टर उतरवायला डेकच नव्हता.

हा धडा नौदलाने किती मनावर घेतला ते मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये दिसतं. तिथे ब्रिटिश 'लिअँडर' आराखड्यावर फ्रिगेटं बांधली जात होती. मूळ आराखड्यात जागा लहान हेलिकॉप्टरपुरती. सुरुवातीच्या जहाजांवर म्हणून चेतक बसला. सी किंग म्हणजे साडेनऊ टनांचं धूड, चेतकच्या चौपट. ते तीन हजार टनांच्या आसपासच्या, लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजावर उतरवायचं कसं? कॅनडाच्या नौदलाने यावर तोडगा काढला होता. हेलिकॉप्टरमधून दोर सोडायचा, डेकवरच्या यंत्राने तो ताणून हेलिकॉप्टर खाली खेचायचं आणि टेकताक्षणी पोलादी जबड्यात पकडायचं. नावही साजेसं, 'बेअरट्रॅप', म्हणजे अस्वलाचा सापळा. हा सापळा बसवून 'तारागिरी' (१९८०) आणि 'विंध्यगिरी' (१९८१) सी किंग घेऊन फिरू लागल्या. त्यानंतर १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'गोदावरी'वर दोन-दोन सी किंगसाठी हँगर होतं, आणि तेही सुमारे ३,६०० टनांच्या जहाजावर. खुकरी बुडाल्यापासून बारा वर्षांत! कामाची नेमकी जाण असली की आपल्याच गोदीत काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

मग १९९८ आलं. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. सी किंग आपण ब्रिटनकडून घेतले होते, पण त्यातले कित्येक भाग अमेरिकन होते. ब्रिटिशांची इच्छा असो-नसो, सुटे भाग येईनात. धडधाकट हेलिकॉप्टरं हँगरमध्ये बसून राहिली. ताफा कागदावर होता तेवढाच, उडणारा मात्र मूठभर. काम नेमकं ठाऊक होतं, पण आज्ञापत्रातला दुसरा झरा खोदलेला नव्हता.

आणि १९९९. कारगिल. २८ मे रोजी तोलोलिंगवर हल्ला करायला गेलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडलं, चौघे गेले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. मुळात ते माल आणि माणसं वाहणारं हेलिकॉप्टर. हल्ल्यासाठी बनवलेलं एमआय-३५ त्या उंचीवर काम करू शकत नव्हतं, म्हणून हमालाला तलवारबाज केलं. या एका दिवसातून एक स्पष्ट गरज निघाली, ती म्हणजे उंचावर लढू शकणारं हलकं हेलिकॉप्टर. त्यातून एचएएलचं 'प्रचंड' जन्मलं. २०१० च्या मार्चमध्ये पहिलं उड्डाण, ऑक्टोबर २०२२ मध्ये हवाई दलात प्रवेश, आणि मार्च २०२५ मध्ये १५६ नगांचा सुमारे ६२,७०० कोटींचा करार. कारगिल ते प्रवेश, तेवीस वर्षं. हळू, पण गाडी रुळावर राहिली, कारण सुरुवातीची गरज बदलली नाही.

आता रुळावरून घसरलेली गाडी. चेतक आणि चीता बदलायला १९७ हलकी हेलिकॉप्टरं घ्यायची, असं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठरलं. चाचण्या झाल्या, युरोकॉप्टरचं 'फेनेक' पसंत पडलं, आणि डिसेंबर २००७ मध्ये चाचण्यांविषयीच्या आक्षेपांमुळे सगळं रद्द. २००८ मध्ये नवं टेंडर. पुन्हा उंचावरच्या चाचण्या, पुन्हा अहवाल, पुन्हा आरोप. ऑगस्ट २०१४ मध्ये तेही रद्द, आता देशातच बनवू म्हणून. डिसेंबर २०१५ मध्ये रशियाशी 'कामोव्ह-२२६' साठी सरकार-ते-सरकार समझोता. त्यातून एकही हेलिकॉप्टर आपल्या सैन्यात आलं नाही. दरम्यान एचएएलने स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर केलं, ते सप्टेंबर २०१६ मध्ये उडालं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सुमारे २०० हलक्या हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा माहिती मागवली. बावीसेक वर्षांनी सोंगटी परत पहिल्या घरात!

नौदलाचंही तेच. सी किंगच्या जागी १६ हेलिकॉप्टरं घ्यायला सिकॉर्स्की कंपनी २०१४ मध्ये निवडली गेली, पण किमतीवर घासाघीस होऊन २०१७ मध्ये तो सौदा मोडला. चेतकच्या जागी १११ लहान हेलिकॉप्टरं घ्यायला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, पण त्या वाटेने एकही आलं नाही. मधल्या काळात नवी जहाजं पाण्यात उतरत राहिली, आणि त्यांतल्या काहींची मोठी हँगरं रिकामी किंवा चेतकचं बिऱ्हाड सांभाळत.

हे वाचताना मला आमच्या एका जुन्या क्लायंटची आठवण येते. (नाव सांगत नाही, आणि विचारूही नका.) त्यांची वीस वर्षं जुनी सिस्टिम बदलायची होती. पहिल्या प्रयत्नात रिक्वायरमेंटचं बाड चाळीस पानांचं. रद्द झालं. दुसऱ्या वेळी प्रत्येक विभागाने 'आता होतंच आहे तर' म्हणून आपापली इच्छा घातली आणि बाड तीनशे पानांवर गेलं. तेही रद्द. प्रत्येक रद्द करण्यामागे एक सज्जन, सावध आणि कागदोपत्री निर्दोष असा माणूस होता. फक्त रोज रात्री ती जुनी सिस्टिम जिवंत ठेवायला जागणाऱ्या पोरांची किंमत कुठल्याच कागदावर नव्हती.

हेलिकॉप्टरांच्या बाबतीत ही किंमत झोपेत मोजत नाहीत. २०१४-१५ च्या सुमारास लष्करी वैमानिकांच्या पत्नींनी एकत्र येऊन चीता आणि चेतक उडवणं थांबवा अशी मागणी केली आणि त्या तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. शत्रूशी लढताना मरण आलं तर समजू शकतो, पण यंत्राच्या वयामुळे का? टेंडर रद्द करणाऱ्या फाइलवर अशी बाई सही करत नाही, हा आपल्या पद्धतीतला मोठा दोष आहे.

इथे थोडा दुसऱ्या बाजूनेही विचार करायला हवा. जुनं म्हणजे धोक्याचंच, असं सरसकट नाही. नीट राखलेलं जुनं यंत्र उडतं. पण जुन्या आराखड्याच्या मर्यादा राखून जात नाहीत. चीतामध्ये एकच इंजिन, तेव्हा ते गेलं की पर्याय नाही. ढगात दिसेनासं झालं तर वैमानिकाला सांभाळून घेणारी आजची साधनं त्या जुन्या पॅनेलवर नाहीत. ढगात दिसेनासं होणं म्हणजे काय, हे मावळकरांना सांगायला नको. जुलैमध्ये लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभं राहिलं, की दहा पावलांवरचा सोबती पुसला जातो आणि पाच मिनिटांनी पुन्हा उमटतो. त्या धुक्यात एखादा ट्रेकर अडकला तर 'हेलिकॉप्टर का नाही बोलवत?' असं लोक विचारतात. पण अशा हवेत कड्याजवळ हेलिकॉप्टर आणणं म्हणजे एकाऐवजी चार जीव टांगणीला लावणं. म्हणून लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मंडळी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन पायीच निघतात. काराकोरमच्या वैमानिकाला ही मुभा नसते. तिथे स्ट्रेचर वाहायला वाटच नसते.

आणि नवं म्हणजे बिनधोक, असंही नाही. एचएएलचं 'ध्रुव' हे आपलं मोठं यश. १९९२ साली पहिलं उड्डाण, आज तिन्ही दलांत आणि तटरक्षक दलात मिळून सव्वातीनशेच्या वर. मार्च २०२३ मध्ये मुंबईजवळ नौदलाच्या एका ध्रुवला समुद्रात उतरावं लागलं, तिघेही वाचले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. त्यानंतर देशभरातली सगळी ध्रुव जमिनीवर आली. लष्कराची आणि हवाई दलाची उडू लागायला मे महिना उजाडला. ही काळजी योग्यच होती. पण त्या चार महिन्यांत डोंगरातली कामं पुन्हा कोणाच्या पाठीवर पडली असतील? त्याच म्हाताऱ्यांच्या. एकाच झऱ्यावर गड ठेवू नये, हे पुन्हा एकदा.

मग जमेल तेवढे प्रकार घ्यावेत का? तेही नाही. प्रत्येक प्रकाराचे सुटे भाग वेगळे, हत्यारं वेगळी, प्रशिक्षण वेगळं. दहा प्रकारची शंभर हेलिकॉप्टरं सांभाळणं हे दोन प्रकारच्या शंभरांपेक्षा कितीतरी अवघड. दोन-तीन पक्के झरे, आणि प्रत्येकाला बारमाही पाणी, इथेच कुठेतरी मेळ बसतो.

अलीकडे काही गोष्टी सुधारताना दिसतात, त्या सांगितल्याच पाहिजेत. नौदलाने फेब्रुवारी २०२० मध्ये २४ 'एमएच-६०आर' हेलिकॉप्टरांचा करार केला. त्यांचं पहिलं स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्ये कोचीला आणि दुसरं डिसेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या 'आयएनएस हंसा'वर आलं. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती नोव्हेंबर २०२५ मधली बातमी. याच हेलिकॉप्टरांच्या सुट्या भागांसाठी, दुरुस्तीसाठी आणि प्रशिक्षणासाठी सुमारे ८,००० कोटींची वेगळी व्यवस्था केली गेली. वर्तमानपत्रात ती आतल्या पानावर होती. १९९८ आठवणाऱ्याने ती पहिल्या पानावर छापली असती. झरा अजून परदेशातच आहे हे खरं, पण निदान टाकी बांधायला घेतली. तुमकुरूला एचएएलचा हेलिकॉप्टर कारखानाही २०२३ मध्ये उघडला.

पुढचं नियोजन कसं असावं? मी काही लष्करी तज्ज्ञ नाही, पण धंद्याच्या सवयीने एक सुचवावंसं वाटतं. 'कुठलं हेलिकॉप्टर' हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी कामांची यादी करावी. सहा हजार मीटरवर रॉकेल पोचवणं हे एक काम आणि जखमी माणूस खाली आणणं हे दुसरं. आजवर दोन्ही चीताच करत आला, म्हणून आपण ती एकच समजतो. पण रॉकेलचा डबा आता माणसाविना उडणारा ड्रोनही नेऊ शकतो, आणि ढगात ड्रोन पडला तर कुणाच्या घरी तार जात नाही. जखमी माणसासाठी मात्र डॉक्टर, वैमानिक आणि दोन इंजिनं हवीत. एवढी एक विभागणी केली तरी किती हेलिकॉप्टरं हवीत, कसली हवीत, हे गणित पार बदलतं. दुसरं म्हणजे एकदा लिहिलेली गरज टेंडरच्या मध्यावर फुगवू नये. आणि तिसरं, रद्द करण्याच्या प्रत्येक टिपणीत जुनं यंत्र आणखी किती वर्षं उडवावं लागेल आणि ते कोण उडवणार, हे लिहिणं सक्तीचं करावं.

कारण हे निर्णय फार लांब जातात. लष्कराचे वैमानिक आपल्या नाशिकला घडतात. २००३ साली तिथे लष्कराची वैमानिकी प्रशिक्षण शाळा सुरू झाली. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक तिथूनच बाहेर पडल्या. त्या शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात येणाऱ्या चेतकचा आराखडा त्यांच्या आई-वडिलांपेक्षाही जुना असू शकतो. आणि आज निवडलेलं हेलिकॉप्टर चेतकइतकंच टिकलं, तर २०८० च्या दशकात ते उडवणारी पोरं अजून जन्मालाही आलेली नाहीत. त्यांना कुणी विचारू शकत नाही, तेव्हा त्यांच्या वतीने तीन प्रश्न आपणच विचारायचे. काम काय, रसद कुठून, डागडुजी कोणाची.

असो, फार लांबलं. पुढच्या पावसाळ्यात लोहगडावर गेलात तर विंचूकाट्यावर फोटो काढून लगेच उतरू नका. ते सोळाकोनी तळं जरा निवांत बघा. लढाईच्या एकाही चित्रात ते नसतं.